स्वल्पविराम

जुलैत शाळा बंद, म्हणून व्यायामशाळा आमची.
भिंतीला शिड्या, कोपऱ्यात उड्यांचा चामडी घोडा,
जमिनीवर बास्केटबॉलच्या पुसट रेघा
आणि त्या रेघांवर उताणे पडलेले
अकरा बासरीवाले.
बासऱ्या बाकावर, फडक्यांवर निजलेल्या.
साडेनऊपर्यंत त्यांना हात लावायचा नाही,
हा उर्वेचा नियम.

उर्वे हिवाळ्यात ताल्लिनच्या बंदरावर
जहाजांची कागदपत्रं तपासते,
उन्हाळ्यात इथे येऊन माणसांच्या पाठी.
शवासन म्हणजे प्रेतासारखं पडणं,
असं तिनं पहिल्याच सकाळी सांगितलं,
तेव्हा हेल्दुर म्हणाला, हे मला येईल.
नाही आलं.
त्याचा डावा खांदा जमिनीला टेकेचना.
लाकूड-गिरणीत एकदा ओंडका घरंगळला होता,
तीन फासळ्या.
तेव्हापासून तो अर्ध्याच छातीनं जगतो,
गावच्या बँडात अर्ध्याच छातीनं वाजवतो,
आणि बँडात ते खपून जातं.

मी भिंतीला टेकून बघते.
मी साथीची. मला कुणी पड म्हटलेलं नाही.
पियानोला फुंकर लागत नाही,
एक सूर संपायच्या आत दुसरा दाबता येतो,
असं करत करत चाळीस वर्षं काढता येतात.
दुपारी तोच संथ भाग अकरा वेळा वाजवते,
अकरा निरनिराळ्या घाईंच्या मागे मागे.

सिर्कु, फिनलंडहून आलेल्या आमच्या बाई,
कमी बोलतात. हेल्दुरला म्हणाल्या,
एका पायावर उभे राहा. आता खालचा सा.
तो हलला, झुकला, सूर लांबत गेला,
आणि पडता पडता त्यानं पियानोचं झाकण धरलं.
सगळे हसले. त्या नाही हसल्या.
"पडायच्या आधी तुम्ही काय वाजवलंत,
ऐकलंत का?"
त्यानं नाही ऐकलं. मी ऐकलं:
अख्ख्या माणसाचा सूर,
दोन्ही बाजूंनी भरलेला.

रात्री अकराला आकाश अजून दुधी.
बाकीचे सॉनातून तळ्यात, तळ्यातून सॉनात,
डासांना शिव्या घालत.
हेल्दुर पेन्सिल घेऊन आला.
तुमची वही द्या, म्हणाला,
तुमच्या वरच्या ओळीत माझे सूर आहेत,
माझे श्वास नाहीत.
मग चष्मा कपाळावर चढवून
एकेक स्वल्पविराम काढत बसला,
बी पेरावं तसा, अंतर मोजून.
चौदा झाले.
नववा त्यानं खोडला.
एवढं निभेल, म्हणाला.

शनिवारी गावातल्या छोट्या चर्चमध्ये
तीस-पस्तीस माणसं,
दुकानवाल्या मार्युनं आणलेला काळ्या मनुकांचा केक,
आणि दारात एक कुत्रा, कुणाचाच नसलेला.
पहिल्या स्वल्पविरामाशी मी थांबले
तेव्हा माझ्याच बरगड्यांत काहीतरी करकरलं,
बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या खिडकीसारखं.
दुसऱ्याशी ते करकरणं कमी.
पुढे मोजणं राहून गेलं.

मग ती खोडलेली जागा आली.
रबरानं गेलेली, पण कागदावर खळगी राहिलेली.
हेल्दुरचा सूर बारीक होत चालला,
डावा खांदा वर, कानाकडे,
आणि मी, काही न ठरवता,
हात उचलून श्वास घेतला.
मोठ्यानं. पहिल्या बाकापर्यंत गेला असेल.
त्यानं माझ्यामागोमाग घेतला.
एवढंच. पुढचे सूर आले
तसे आले, दोन चुकले.

नंतर उर्वे चटया गुंडाळत होती,
मी म्हटलं, एक राहू दे.
तिनं विचारलं नाही कशाला.
रिकाम्या व्यायामशाळेत, घोड्याच्या शेजारी,
बूट न काढताच मी पडले.
वर छताच्या तुळईत
कुणीतरी कधीतरी मारलेला चेंडू अडकलेला होता,
हवा गेलेला.
बाहेर बस कुणाच्या तरी नावानं हॉर्न वाजवत होती.
माझ्याच असावी.